हा नव्हे

माझं नाव एनेबिश.
एने म्हणजे हा, बिश म्हणजे नव्हे.
सही करताना अजूनही क्षणभर वाटतं,
आपण काहीतरी नाकबूल करतोय.

माझ्याआधी दोघं होते.
पहिला बातमुंख, म्हणजे भक्कम आणि चिरंतन.
एकोणीस दिवस टिकला.
दुसरा उर्तनासन, दीर्घायुषी.
त्याला एक हिवाळासुद्धा पुरा बघता आला नाही.
आई म्हणायची, एवढाली नावं ठेवली आम्ही,
लांबून दिसली असणार.
कुणाला, ते तिने कधी उच्चारलं नाही.

म्हणून मी आलो तेव्हा
आमच्या गेरमध्ये कुणी हसलं नाही.
मामाने कानाशी तोंड नेऊन तीनदा सांगितलं,
हा नव्हे, हा नव्हे, हा नव्हे.
पाळण्यावर नमद्याचा कोल्हा टांगला.
रात्री बाहेर नेताना नाकाला काजळी.
पाच वर्षं मी बहिणीच्या झग्यात वाढलो,
दोन वेण्या, लाल फिती.
यादी घेऊन जो कुणी माळावर हिंडत होता
त्याच्या डोळ्यांत आईने अशी धूळ फेकली.
तो दारात येऊन विचारायचा, हाच का?
आणि मला जेवायला हाका मारता मारता
सगळं घर त्याला उत्तर द्यायचं.

शाळेत खांदसुरेनबाई हजेरी घ्यायच्या.
पुरेव, गुरुवारचा. ब्याम्बा, शनिवारचा.
तोमोर म्हणजे लोखंड, त्याला दर थंडीत न्यूमोनिया.
सुख, आमच्या भाषेत सुख म्हणजे कुऱ्हाड,
ती कुणाच्या पायावर पडेल सांगता यायचं नाही.
ओचिर म्हणजे वज्र.
बाई म्हणाल्या, हा शब्द फार दक्षिणेकडचा,
वाळवंटं ओलांडताना त्याची अक्षरं झिजली,
उरलंय तेवढं मात्र टणक आहे.
त्या दिवसापासून ओचिर छाती काढून चालायला लागला.
मग नेरगुई, म्हणजे नाव नाही.
मग खुनबिश, माणूस नव्हे.
मग मी.
शेवटच्या बाकावर आम्ही तिघं,
आणि आमच्या आया कुंपणापाशी उभ्या राहून
वाळल्या दह्याच्या वड्या एकमेकींना देत,
मुलांबद्दल एक अक्षर न बोलता.

नेरगुई ओळखपत्र काढायला गेला होता.
नाव?
नाव नाही.
अहो, काहीतरी असेलच की.
तेच आहे, साहेब.
दुपारची जेवणाची सुट्टी होईपर्यंत हे चाललं.
खुनबिश डॉक्टर झाला. गुरांचा.

मला मुलगा झाला तो शहरात,
लसी, गरम पाण्याचे पाइप, सगळं होतं.
मी आईला फोनवर सांगितलं,
तेमूलेन ठेवतोय. पुढे झेपावणारा.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, ठेव.
पण हाक हळू मार.

मागच्या महिन्यात आल्ताईच्या दवाखान्यात
नव्या नर्सने मला खाटेपाशी उभं केलं.
आई आता मीठ घातलेला चहासुद्धा ओळखत नाही.
आजी, बघा कोण आलंय. तुमचा मुलगा ना?
आईने ओठ ओले केले.
एने बिश, म्हणाली.
मध्ये जराशी जागा सोडून,
किंवा न सोडून, मला नीट ऐकू आलं नाही.

नर्सने कागदावर लिहिलं, ओळख पटत नाही.
मी सांगणार होतो, अहो, हे तर माझं,
पण तेवढ्यात लक्षात आलं,
आई माझ्याकडे बघतच नव्हती.
माझ्या खांद्यावरून पलीकडे,
दाराकडे बघत होती.
पुन्हा म्हणाली. या वेळी ठणकावून.

मी कागद तसाच राहू दिला.